आट्यांचा रेंजफाइंडर कॅमेरा आज नव्याने बनवायचा झाला तर

पाण्याच्या बाटलीला झाकण फिरवून लावतो ना, तशी लेन्स कॅमेऱ्याला फिरवून लावायची, स्क्रू-माउंट म्हणजे इतकंच. कॅमेऱ्याच्या तोंडाला आतून आटे, लेन्सच्या बुडाला बाहेरून आटे, फिरवत न्यायची आणि टेकली की बसली. बटण नाही, खटका नाही, लॉक नाही. १९३० पासून जवळजवळ चाळीस वर्षं जगातले कितीतरी चांगले छोटे कॅमेरे असेच होते, आणि आज फिल्म वापरणारे आम्ही दोन-चार जण कुठे भेटलो की चहा यायच्या आत हा विषय निघतोच, की असा कॅमेरा कोणी आता नव्याने का बनवत नाही? पेंटॅक्सने २०२४ मध्ये कोरा करकरीत फिल्म कॅमेरा आणला, पेंटॅक्स १७, त्यात हाताने लिव्हर ओढून फिल्म पुढे सरकवायची. लायका या जर्मन कंपनीने २०२२ मध्ये आपला जुना एम६ परत बनवायला घेतला. म्हणजे फिल्म कॅमेरे बनतायत. मग आट्यांचा का नाही?

मी यावर बरेच दिवस विचार करतोय, जुने कॅमेरे उघडून बघतोय, आणि माझं मत असं झालंय की या सगळ्यात आटे ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, शटर त्याहून अवघड, आणि खरी डोकेदुखी एकच आहे ती म्हणजे रेंजफाइंडर. लोक चर्चा नेमकी उलट्या बाजूने करतात, दिसायला कसा असावा, काळा की क्रोम, वरचं चामडं कसलं, आणि रेंजफाइंडर हा शब्द नावापुरता येऊन जातो. म्हणून आधी तोच समजून घेऊ.

हात लांब करून अंगठा समोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारल्यासारखा सरकतो. आता अंगठा नाकाजवळ आणून तेच करा, उडी खूप मोठी होते. म्हणजे वस्तू जितकी जवळ तितका दोन डोळ्यांच्या दिसण्यातला फरक जास्त, आणि हा फरक मोजता आला की अंतर कळलं. रेंजफाइंडर हेच करतो. कॅमेऱ्याच्या वरच्या भागात पुढे दोन बारीक खिडक्या असतात, एकमेकींपासून थोड्या लांब, हे त्याचे दोन डोळे. एकीतून समोरचं सरळ दिसतं, दुसरीतून आलेलं चित्र आतल्या प्रिझमने वळवून पहिल्या चित्रावर टाकलेलं असतं. समजा समोर आजी बसलीय. तुम्ही डोळा लावलात की मधल्या छोट्या चौकोनात तिच्या चष्म्याच्या काड्या दोन-दोन दिसतात, एक ठळक, एक फिकट. लेन्सची रिंग फिरवत गेलं की फिकट काडी सरकत सरकत ठळक काडीवर येऊन बसते, दोन्ही एक झाल्या की फोकस झाला, दाबा बटण. ऑटोफोकस नाही, बॅटरी नाही, काहीच नाही, दोन खिडक्या आणि एक वळणारी काच.

आता हे ऐकायला इतकं सोपं असेल तर अवघड कुठे आहे? आकड्यांत. जुन्या लायकात या दोन खिडक्यांमधलं अंतर साधारण ३९ मिलिमीटर होतं. या ३९ मिलिमीटरच्या जोरावर पाच मीटरवरचा माणूस आणि सहा मीटरवरचा माणूस वेगळा ओळखायचा, आणि या दोघांमधला कोनाचा फरक येतो साधारण ०.०७५ अंश, म्हणजे एका अंशाचे तेरा तुकडे केले तर त्यातला एक. एवढ्याशा फरकासाठी ती आतली काच वळली पाहिजे, दर वेळी तितकीच वळली पाहिजे, थंडीत तितकीच, मे महिन्यात तितकीच, कॅमेरा बॅगेत आदळून-आपटून आला तरी तितकीच.

आणि काच वळवतं कोण, तर लेन्स. लेन्स फोकस करताना पुढे-मागे सरकते, तिच्या मागच्या कडेवर कॅमेऱ्याच्या आतून आलेला एक दांडा टेकलेला असतो, त्याच्या टोकाला छोटं चाक. लेन्स मागे गेली की चाक ढकललं जातं, पुढे गेली की स्प्रिंगमुळे चाक मागोमाग येतं, आणि हा दांडा पुढे त्या काचेला वळवतो. ५० मिलिमीटरची लेन्स (हा आकडा तिच्या नाभीय अंतराचा, तो जितका लहान तितकं रुंद दिसतं) अनंतापासून, म्हणजे अगदी लांबच्या फोकसपासून, एक मीटरपर्यंत आणायला एकूण सरकते किती? जेमतेम तीन मिलिमीटर. त्यातही अनंतापासून दहा मीटरपर्यंतचा प्रवास पाव मिलिमीटरच्या जरासाच वर. म्हणजे दूरच्या डोंगरापासून रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंतचं सगळं अंतर त्या दांड्याला पाव मिलिमीटरमध्ये ओळखायचंय. हे पहिल्यांदा हिशेब करून बघितलं तेव्हा मी कॅमेरा खूप वेळ नुसता हातात धरून बसलो होतो, कारण हे गणित जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी लेथवर, हाताने, सोडवलं होतं.

गोष्ट सुरू होते ती त्याच्याही थोडी आधी. जर्मनीत वेट्झलार नावाचं गाव, तिथली लाइट्झ कंपनी मुळात सूक्ष्मदर्शकं बनवणारी, तिथे ऑस्कर बर्नाक कामाला होता. त्याला दम्याचा त्रास होता, त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे डोंगरात वाहून नेणं त्याला झेपत नव्हतं, म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी वापरून खिशात मावेल असा कॅमेरा केला. पहिला नमुना १९१३-१४ चा, मग पहिलं महायुद्ध आलं, आणि लाइट्झचा हा कॅमेरा लायका नावाने बाजारात आला तो १९२५ मध्ये. तेव्हा लेन्स पक्की बसवलेली होती, बदलता येत नव्हती. १९३० मध्ये आटे आले आणि लेन्स बदलता यायला लागली, पण गंमत बघा, सुरुवातीला प्रत्येक कॅमेऱ्याच्या लेन्स त्याच कॅमेऱ्याला जुळवून द्यायचे, माझी लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर नीट चालेलच असं नाही. १९३१ मध्ये त्यांनी लेन्स टेकते ती कडा आणि फिल्म यातलं अंतर २८.८ मिलिमीटर असं ठरवून टाकलं आणि जुळवलेल्या कॅमेऱ्यांच्या तोंडाशी छोटासा शून्य कोरायला लागले. तो शून्य म्हणजे खात्री, की या मापाची कुठलीही लेन्स इथे चालणार. मग १९३२ मध्ये लायका २ आला, त्यात रेंजफाइंडर लेन्सला जोडलेला होता. मला विचाराल तर खरा स्क्रू-माउंट रेंजफाइंडर तिथून सुरू झाला.

आटे कसले आहेत तेही मजेशीर आहे. व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे मेट्रिक, आणि आटे इंचाला २६, म्हणजे इंचाचं माप. ही खिचडी झाली कारण सूक्ष्मदर्शकाच्या लेन्सचे आटे इंचाच्या मापात पाडायची पद्धत होती आणि लाइट्झचं घरच सूक्ष्मदर्शकाचं. ज्यांनी वर्कशॉप बघितलंय त्यांना हे लगेच कळेल, इंचाला २६ आटे म्हणजे एक आटा ०.९७७ मिलिमीटरचा, आणि एक मिलिमीटरचा आटा त्याच्या इतका जवळ की डोळ्याला फरक कळत नाही. एक मिलिमीटरच्या आट्याची लेन्स यात लावली तर पहिला फेरा जाते, दुसरा जाते, मग अडकू शकते आणि तुम्ही जोर लावलात तर आटे मारले जाऊ शकतात. जुन्या बाजारातून लेन्स घेणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. आणि त्याच व्यासाची झेनिट या सोविएत एसएलआरची (एसएलआर म्हणजे लेन्समधून आलेलं चित्र आतल्या आरशावरून बघायचा कॅमेरा) जुनी लेन्स मिळते ती तर अजून फसवी, कारण ती कॅमेऱ्याच्या तोंडात शिरते, बसल्यासारखी वाटते, पण ती बनवलीय फिल्मपासून ४५ मिलिमीटरच्या आसपास राहायला, इथे ती २८.८ वर येते, अख्खा रोल धूसर.

या आट्यांवर पुढे जग तुटून पडलं. युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये अनाथ मुलांची एक वसाहत होती, तिथल्या पोरांनी १९३४ मध्ये लायका बघून बघून फेड नावाचा कॅमेरा बनवला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते, अनाथाश्रमातली मुलं आणि एवढं बारीक काम. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन पेटंटं खुली झाली आणि मग रांगच लागली, रशियातल्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोर्की, इंग्लंडमध्ये रीड, अमेरिकेत कार्डन, जपानमध्ये कॅनन, निक्का, लिओटॅक्स, चीनमध्ये १९५८ ला शांघाय ५८. कॅननने तर नुसती नक्कल न करता पुढची पावलं टाकली, फ्रेम बघायची खिडकी आणि फोकसची खिडकी एक केली, कापडी पडद्याऐवजी पातळ स्टीलचे पडदे घातले, आणि १९६१ च्या कॅनन ७ साठी एफ/०.९५ ची लेन्स दिली (हा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त) जी आजही लोक डोळे मोठे करून बघतात.

मग हे संपलं कसं? १९५४ मध्ये लायकाने स्वतःच एम३ आणला, त्यात आट्यांऐवजी संगिनीसारखा माउंट, लेन्स घालून थोडी वळवली की खट्कन बसते. खिडकी मोठी, लख्ख. त्याच्याशी टक्कर देण्यापेक्षा जपान्यांनी एसएलआरचा रस्ता धरला, १९५९ ला निकॉन एफ आला आणि रेंजफाइंडरचा काळ मागे पडला. पण लाइट्झने एक फार शहाणी गोष्ट करून ठेवली होती. एम माउंटचं अंतर त्यांनी ठेवलं २७.८ मिलिमीटर, म्हणजे आट्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा बरोबर एक मिलिमीटर कमी. मधे एक मिलिमीटर जाडीची कडी घातली की आट्यांची जवळजवळ कुठलीही लेन्स एम कॅमेऱ्यावर जशीच्या तशी चालते, रेंजफाइंडरसकट. म्हणून १९३० च्या दशकातली लेन्स आज दुकानात मिळणाऱ्या लायकावर चालते, आणि मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, डिजिटल कॅमेऱ्यांत तर सेन्सर लेन्सच्या इतका जवळ असतो की तिथे ती कडी लावून जवळजवळ कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालते. माउंट जिवंत आहे, मेला तो फक्त त्याचा कॅमेरा.

तोही एकदा जिवंत झाला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९९९ मध्ये यासुहारा नावाच्या जपानी इंजिनिअरने, जो आधी क्योसेरा कंपनीत नोकरीला होता, स्वतःची छोटी कंपनी काढून चीनमधल्या कारखान्याकडून आट्यांचा रेंजफाइंडर बनवून घेतला. एका माणसाने! आणि त्याच वर्षी कोसिना या जपानी कंपनीने फोइग्टलेंडर हे जुनं जर्मन नाव वापरायला घेऊन बेसा-एल आणला. कोसिनाने काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण मला वाटतं नवीन कॅमेऱ्याचा रस्ता तिथूनच जातो. त्यांच्याकडे स्वस्त एसएलआरचा सांगाडा तयार होता, त्यातला आरसा आणि वरचं प्रिझम काढलं, पुढे आट्यांची कडी लावली, झाला कॅमेरा. त्यात रेंजफाइंडर नव्हताच, व्ह्यूफाइंडर, म्हणजे फ्रेम बघायची खिडकीसुद्धा नव्हती. सोबत १५ मिलिमीटरची एफ/४.५ हेलिआर लेन्स, इतकी रुंद की अंतर अंदाजाने लावलं तरी सगळं स्पष्ट येतं, आणि फ्रेम बघायला वर बुटात (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेला बूट म्हणतात) बसवायची वेगळी छोटी खिडकी. पुढच्या वर्षी, २००० मध्ये, बेसा-आर आला, त्यात रेंजफाइंडर होता. म्हणजे अवघड भाग त्यांनी नंतर केला. आधी डबा आणि लेन्स विकून पैसा उभा केला आणि मग डोळे बसवले.

पण २००२ मध्ये बेसा-आर२ आला तो एम माउंट घेऊन. आट्यांना त्यांनी सोडलं, आणि कारण अगदी सरळ होतं, एम माउंटवर कडी लावून आट्यांच्या लेन्स चालतात, उलटं होत नाही, एक मिलिमीटर वजा कसं करणार? मग गिऱ्हाईक दोन्ही चालणारा कॅमेरा घेणार हे उघड आहे. पुढे २०१५ ला बेसा मालिकाच बंद झाली. आज नवाकोरा यांत्रिक फिल्म रेंजफाइंडर पाहिजे असेल तर जवळपास लायकाच्याच दारात जावं लागतं, आणि एम६ परत आला तेव्हाच त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या वर होती, लेन्स वेगळी.

मग मी अजून आट्यांवरच का अडून बसलोय? हा प्रश्न मला मित्रांनीही विचारला आणि तो बरोबर प्रश्न आहे. माझं उत्तर बनवणाऱ्याच्या बाजूने आहे, वापरणाऱ्याच्या नाही. एम माउंटमध्ये चार कान, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, अडकवणारी पिन, पिनेचं बटण, आणि प्रत्येक लेन्सप्रमाणे खिडकीतली चौकट बदलणारा आतला दांडा, एवढं सगळं लागतं. आट्यांना लागते एक कडी. चांगला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, असलेलं कुठलंही लहान वर्कशॉप ती पाडू शकतं, एकच गोष्ट सांभाळायची, आटा सुरू कुठून होतो ती जागा, नाहीतर लेन्स घट्ट बसल्यावर तिची अंतराची खूण वरच्या ऐवजी कुठेतरी कडेला येते. म्हणजे कॅमेरा बनवणारा लहान माणूस असला तरी चालतो, आणि त्याहून महत्त्वाचं, लेन्स बनवणारा लहान माणूस असला तरी चालतो, कारण आट्यांची लेन्स बनवली की ती या कॅमेऱ्यावर, कडी लावून लायकावर आणि कडी लावून मिररलेसवर, सगळीकडे विकता येते. २०१६ मध्ये लोमोग्राफी या कंपनीने ज्युपिटर-३ ही सोविएत लेन्स नव्याने आणली तीही आट्यांमध्येच. स्वस्तात, कोणाची परवानगी न मागता, दुरुस्त करता येईल असा कॅमेरा बनवायचा असेल तर तो मला याच माउंटवर दिसतो.

तर आता कल्पनेतला कॅमेरा. पहिली गोष्ट फिल्म भरण्याची. बर्नाकच्या कॅमेऱ्याची पाठ उघडत नाही, बूड उघडतं, आणि खालून फिल्म सरकवायची. त्यासाठी फिल्मची सुरुवातीची जीभ कात्रीने दहा एक सेंटिमीटर लांब कापून घ्यावी लागते, नाहीतर फिल्म शटरमध्ये अडकून तुकडे होतात. पाठ न उघडणारा डबा मजबूत असतो, लेन्स आणि फिल्ममधलं अंतर हलत नाही, हे खरं, पण कॅननने १९५० च्या दशकातच बिजागरीची पाठ देऊन दाखवलं होतं की तेही जमतं. म्हणून नव्यात बिजागरीची पाठ. जुन्याची आठवण म्हणून लोकांना कात्री घेऊन बसवू नये.

दुसरं शटर. जुन्यात रबर लावलेल्या रेशमी कापडाचे दोन पडदे असतात, एक उघडत जातो आणि दुसरा त्याच्यामागून मिटत येतो, मधे राहते ती फट. फट जितकी अरुंद तितका वेळ कमी. १/१००० ला ती फट दीड-दोन मिलिमीटर असते, अशी फट फिल्मवरून आडवी धावत जाते आणि तिने जाता जाता फोटो काढलेला असतो. आवाज किती मऊ, कापड सरकल्यासारखा. पण कापडाला एक मोठा धोका आहे, रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्याने लेन्स सरळ पडद्याकडे बघत असते, आणि झाकण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला तर लेन्स भिंगासारखं ऊन एकवटून पडद्याला भोक पाडते. आपल्याकडच्या उन्हात हे व्हायला फार वेळ लागत नाही. बेसात धातूच्या पात्यांचं उभं शटर होतं, १/२००० पर्यंत, ते टिकाऊ, पण असं हाताने ताणायचं, बॅटरीशिवाय चालणारं तयार शटर आज सहज मिळत नाही. डिजिटल कॅमेऱ्यांची शटरं मोटरवर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालतात, ती आणून बसवता येणार नाहीत. मी असतो तर कापडाच्या रचनेवरच राहिलो असतो, म्हणजे रोळ, स्प्रिंग, पडदे, यांत शिंप्याचं आणि घड्याळजीचं काम आहे, कारखान्याचं नाही. आणि हळू वेग सगळे काढून टाकले असते. १९३३ च्या लायका ३ मध्ये पुढे एक वेगळी चकती आली, अर्धा सेकंद, एक सेकंद वगैरेसाठी, तिच्यामागे घड्याळासारखी दात्यांची गाडी असते आणि जुन्या कॅमेऱ्यांत सगळ्यात आधी तीच अडते. १/३० ते १/१००० आणि बोट धरून ठेवाल तेवढा वेळ उघडं राहणारं बी, बास.

लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, आत नको. वर बुटात बसणारे छोटे मीटर मिळतात, फोनवरही अॅप आहेत. आत घातला की बॅटरी, सर्किट आलं आणि वीस वर्षांनी ते सर्किट कोणी दुरुस्त करणार नाही.

आता उरला रेंजफाइंडर, जिथे सगळा पैसा आणि सगळी माणसं लागणार. इथे एक हिशेब समजून घ्या. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले खिडकीतून चित्र किती मोठं दिसतं ते, हा गुणाकार जितका मोठा तितका फोकस अचूक. जुन्या लायकात ३९ मिलिमीटर आणि दीडपट मोठं चित्र, गुणाकार ५८ च्या आसपास. लायका एम३ मध्ये ६८.५ गुणिले ०.९१, म्हणजे ६२. बेसा-आरमध्ये ३७ गुणिले ०.६८, म्हणजे २५. आता बघा, १९३३ चा चिमुकला कॅमेरा फोकसमध्ये १९५४ च्या एम३ च्या जवळ जातो आणि २००० सालच्या कॅमेऱ्याच्या दुपटीच्याही पुढे आहे! बर्नाकच्या लोकांनी ते कसं साधलं, तर फोकसची खिडकी वेगळी ठेवून तिच्यात चित्र मोठं केलं. तोटा हा की आधी एका भोकाला डोळा लावून फोकस करायचा आणि मग शेजारच्या भोकातून फ्रेम बघायची, तेवढ्यात समोरचं मूल पळून जातं.

माझा कौल एकाच खिडकीला, पण ती ओढाताण करून सगळ्या लेन्ससाठी बनवू नये. फक्त ३५ आणि ५० च्या चौकटी, त्याही न बदलणाऱ्या, कायम दिसणाऱ्या. खिडक्यांमधलं अंतर ५० मिलिमीटर, चित्र ०.९ पट, गुणाकार ४५. ५० मिलिमीटरची एफ/१.५ लेन्स पूर्ण उघडी ठेवूनही यावर भरवसा ठेवता येईल. आणि चित्र जवळजवळ खऱ्याएवढं दिसत असल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो, डाव्या डोळ्याला रस्ता दिसतो आणि उजव्याला त्याच रस्त्यावर तरंगणारी चौकट. ज्यांनी हे एकदा अनुभवलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. २८ किंवा २१ ची लेन्स लावायची तर वर बुटात वेगळी खिडकी, जशी बेसा-एलला होती.

अजून एक बारीक पण मोठी गोष्ट. लायकाची ५० मिलिमीटर म्हणून जी लेन्स असते तिची खरी लांबी, म्हणजे नाभीय अंतर, ५१.६ मिलिमीटर, आणि कॅमेऱ्यातला दांडा त्याच मापाला जुळवलेला असतो. दुसऱ्या लांबीच्या लेन्सच्या मागे उताराची कड देऊन दांड्याला ५१.६ चाच भास करून देतात. सोविएत लेन्सपैकी बऱ्याच मुळात झाइस या जर्मन कंपनीच्या काँटॅक्स कॅमेऱ्याच्या मापाला, ५२.४ ला धरून होत्या, म्हणून त्या लायकावर लांबचं बरोबर आणि जवळचं थोडं चुकीचं दाखवतात, आणि लोक वर्षानुवर्षं लेन्सला किंवा स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहतात. नवीन कॅमेऱ्याने ५१.६ च धरावं आणि ते छापून सांगावं. दुरुस्तीची पूर्ण पुस्तिका कॅमेऱ्यासोबतच द्यावी, कुठला स्क्रू अनंतासाठी, कुठला जवळच्यासाठी, कुठला वर-खालीसाठी.

कारण शेवटी हे जुळवायला माणूसच लागतो. प्रत्येक कॅमेरा एका माणसाने डोळा लावून, तीन स्क्रू हळूहळू फिरवून जुळवायचा. पेंटॅक्सने फिल्म कॅमेऱ्याचा प्रकल्प जाहीर केला तेव्हा निवृत्त झालेल्या जुन्या इंजिनिअरांकडून तरुणांनी शिकून घेणं हा त्यातला मोठा भाग होता, आणि तिथे तर रेंजफाइंडर नव्हताही. हा हात तयार असलेली माणसं दरवर्षी कमी होतायत. त्यामुळे कोणी हा कॅमेरा बनवायला निघालाच तर डबा, शटर, लोगो यांच्या आधी त्याने एका टेबलावर जुळवणीचा ठोकळा मांडावा आणि दोन तरुण पोरं त्याच्यासमोर वर्षभर बसवावीत, असं मला मनापासून वाटतं.

ते काम कसं असतं हे मला मागच्या डिसेंबरात कळलं. माझ्याकडे एक जुना सोविएत आट्यांचा कॅमेरा आहे, त्याची पाठ निघते, आणि त्याचे लांबचे फोटो मऊ येत होते. रात्री आठनंतर गच्चीवर गेलो. पाठ काढली, फिल्म जिथे सपाट बसते त्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटपट्टीने लावला, लेन्स पूर्ण उघडली, शटर बी वर धरून ठेवलं आणि घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लावून कागदावर सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा शोधला. एवढ्या लांबचा दिवा म्हणजे अनंतच. लेन्स अनंताला टेकलेली होती आणि कागदावर दिवा टाचणीच्या टोकाएवढा, एकदम तीक्ष्ण. म्हणजे लेन्स बरोबर होती. मग कॅमेरा उलटून रेंजफाइंडरला डोळा लावला तर आत दोन दिवे, एक ठळक आणि त्याच्या उजवीकडे एक फिकट, मधे केसाएवढी जागा. पुढच्या छोट्या खिडकीशेजारी एक टोपीचा स्क्रू असतो, तो काढला की आत दुसरा बारीक स्क्रू दिसतो. घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो इतकासा फिरवला की फिरला की नाही तेही कळलं नाही, आणि फिकट दिवा दुसऱ्या बाजूला निघून गेला. परत मागे. परत पुढे. थंडीने बोटं आखडली होती, श्वास रोखून धरावा लागत होता. पाऊण तास लागला असेल. मग एकदा डोळा लावला तेव्हा आत एकच लाल दिवा होता.